जगलेल्या झाडांची अडचण

नवजीवन कॉलनीच्या खुल्या जागेतलं आवळ्याचं झाड जगलं, आणि तिथून सगळी भानगड सुरू झाली.

गावाचं नाव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, कापसाच्या पट्ट्यातलं आहे, तिथे नगरपंचायत आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर बाकीच्या गावांना उगाच वाटायचं की आपण सुटलो.

या गावात वृक्षारोपणाचं काम कित्येक वर्षं बिनबोभाट चाललं होतं. जुलै महिना लागला की नगरपंचायतीचा टेम्पो रोपं घेऊन कॉलनीच्या खुल्या जागेत यायचा. मंडप पडायचा, पाहुणे यायचे, एकेका रोपाला हात लावून उभे राहायचे, तांब्याभर पाणी ओतायचे, फोटो निघायचा आणि सगळे चहा घेऊन पांगायचे. मग जमनी नावाच्या बाईच्या बकऱ्या यायच्या. दसऱ्यापर्यंत रोपं संपलेली असायची, खड्डे शिल्लक राहायचे. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपं. खड्डेही सरावले होते. हातभर माती उकरली की तयार. पाहुण्यांना फोटो मिळे, नगरपंचायतीचं उद्दिष्ट पूर्ण होई, बकऱ्यांना कोवळा पाला मिळे. कोणाचीच तक्रार नव्हती.

या सुरळीत कारभारात इंदुताई ढोके यांनी बादली घातली.

इंदुताई मारेगावकडच्या एका खेड्यातून इथे राहायला आल्या होत्या. त्यांचे यजमान किसनराव सोसायटीचे गटसचिव म्हणून निवृत्त झाले, त्यांचे गुडघे त्यांच्याही आधी निवृत्त झाले होते, आणि दवाखाना जवळ हवा म्हणून त्यांनी कॉलनीत घर बांधलं. शेत दिराकडे कसायला दिलं. घर छान होतं. अंगणापासून संडासापर्यंत सगळीकडे फरशी. साऱ्या घरात माती म्हणून काय ती तुळशीच्या कुंडीत. जन्मभर कपाशी निंदलेल्या, तूर सोंगलेल्या बाईला दुपारी जेवणं आटोपल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. त्या पायरीवर बसून समोरच्या खुल्या जागेतली रोपं वाळताना पाहायच्या. एका संध्याकाळी त्यांना ते पाहवलं नाही. भांडी विसळल्याचं पाणी बादलीत धरलं आणि नेऊन आवळ्याच्या बुडाशी ओतलं.

पलीकडून दुसरी एक बाई बादली घेऊन आली होती. रुपीबाई राठोड. कॉलनीचं शेवटचं घर त्यांचं. मूळच्या तांड्यावरच्या, मुलगा शाम राजूरच्या कोळसा खाणीवर टिप्पर चालवायचा, त्याने आईला इथे आणून ठेवलं होतं.

"तुमी बी काय?" रुपीबाई म्हणाल्या.

"फेकाचंच हाय तं नालीत कायले फेका," इंदुताई म्हणाल्या.

ओळख झाली ती एवढीच. पुढे दोघींनी मिळून रोपांना बोराटीचे काटे लावले. जमनीच्या बकऱ्या काट्यांपाशी येऊन विचारात पडल्या आणि परत गेल्या. झाडं तगली तसं दोघींच्या लक्षात आलं की दोन झाडांच्या मधली माती नुसतीच पडून आहे. पडीक माती पाहून गप्प बसणं दोघींनाही कोणी शिकवलेलं नव्हतं. वांगी लागली, अंबाडी लागली, बरबटीचा, म्हणजे चवळीचा, वेल काट्यांवर चढला, कोहळ्याचा वेल कुंपणाच्या मोडक्या तारेवरून पार विजेच्या डीपीपर्यंत जाऊन पोचला. कॉलनीतल्या बाया चटणीपुरता सांभार, म्हणजे कोथिंबीर, न्यायला येऊ लागल्या. जमनीचा चारा गेला म्हणून इंदुताई तिला एक कोहळं आणि ओंजळभर शेंगा द्यायच्या. कॉलनीत या सगळ्याला 'इंदुताईंची आवड' म्हणत. लोक कामाला आवड म्हणू लागले की मदतीला कोणी येणार नाही हे नक्की असतं, पण इंदुताईंना मदत नकोच होती. वर्षभरात त्यांची कंबर दुखायची थांबली होती.

पुढच्या जुलैत टेम्पो आला. टेम्पोतून अमर बोबडे उतरला. हा नगरपंचायतीत वृक्षारोपण कक्षाचा प्रभारी होता. पोरगा गुणाचा. सगळ्यांना काका-काकू म्हणायचा, कोणाला उलटून बोलायचा नाही. त्याने खुल्या जागेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, हे झाडं काहून जगले?" त्याने विचारलं.

इंदुताईंना वाटलं पोरगा कौतुक करतोय. "पाणी टाकलं म्हणून," त्या म्हणाल्या.

"कोनी सांगतलं होतं?"

"कोनीच नाई."

"मंग?"

अमरने कपाळाचा घाम पुसला आणि त्यांना समजावून सांगितलं. पाहुणे उद्या येणार. कागदावर ही जागा रिकामी आहे. तिथे वृक्षारोपण व्हायचं आहे. आता तिथे आधीच वृक्ष असतील तर आरोपण करायचं कुठे?

"काकू, तुमी मले लई अडचणीत आनलं," तो म्हणाला. तो खरोखरच अडचणीत होता. इंदुताईंना त्याची दया आली. त्यांनी त्याच संध्याकाळी वांग्याचे दोन वाफे उपटून जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी तिथे रोपं लावली, फोटो काढताना दोघे अंबाडीत उभे राहिले, आणि कार्यक्रम यशस्वी झाला. पण इंदुताईंची खोड जात नव्हती. मंडप उठल्यावर त्यांनी त्या नव्या रोपांनाही पाणी घातलं. तीही जगली.

दुसऱ्यांदा असं झाल्यावर प्रकरण वर गेलं. अमरला त्याच्या साहेबांनी बोलावलं.

"मागच्या वर्षीची जागा यंदा का मिळत नाही?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, तिथं झाडं आहेत."

"कोणाची?"

"आपलीच साहेब. मागच्या वर्षी लावलेली."

"ती अजून आहेत?"

अमरने मान खाली घातली. साहेबांनी फाइल मिटली. अनुभवी माणूस होते. एखादी गोष्ट आपल्याने सुटत नाही असं दिसलं की तिच्यात लोकसहभाग घ्यायचा, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी लोकसहभाग घ्यायला सांगितला.

अशा रीतीने 'हरित नवजीवन स्वयंसेवक समिती' स्थापन झाली. देवतळे सरांच्या ओसरीवर बैठक भरली. देवतळे सर निवृत्त मुख्याध्यापक, बोलायला उभे राहिले की समोरचा आपोआप हाताची घडी घालायचा. ते अध्यक्ष झाले. किसनराव उपाध्यक्ष झाले. चिखल होतो म्हणून ज्यांनी त्या जागेत कधी चप्पल टेकवली नव्हती ते सगळे स्वयंसेवक झाले. फक्त इंदुताई आणि रुपीबाई झाल्या नाहीत.

"तुह्यं नाव टाकू म्हटलं म्या," किसनराव घरी येऊन म्हणाले. "पन सर म्हनाले, स्वयंसेवक व्हाचं तं बैठकीत हजर राहून इच्छा सांगा लागते. तू कुठं होती वं तवा?"

"पाणी टाकून राह्यलती," इंदुताई म्हणाल्या.

समितीने सर्वांना हिरवे टी-शर्ट दिले. पाठीवर 'मी झाडांचा, झाडं माझी' असं छापलं होतं. किसनरावांना तो पोटावर घट्ट बसला, पण ते रविवारी तो घालून बसले की नव्या नवऱ्यासारखे ताठ दिसायचे. पहिल्याच धुण्यात रंग गेला आणि त्यांच्या तीन बनियनही हरित झाल्या.

स्वयंसेवक दर रविवारी सकाळी जमू लागले. आधी शपथ व्हायची, मग सरांचं मार्गदर्शन, मग फोटो, मग चहा. एका रविवारी कोणीतरी भाबडेपणाने विचारलं की आपण झाडांना पाणी घालायचं का. सरांनी हा प्रश्न गांभीर्याने घेतला. ते म्हणाले, पाणी हा नाजूक विषय आहे. आज एकाने पाणी घातलं तर उद्याही त्यानेच घालावं अशी अपेक्षा निर्माण होते, आणि अपेक्षा आली की स्वयंसेवा संपते, ती नोकरी होते. सभेला हे पटलं. पाण्याचा विषय उपसमितीकडे गेला. उपसमिती नेमायची राहिली.

पण खरी गैरसोय वेगळीच होती. स्वयंसेवकांना झाडं लावायची होती. कोणाचा वाढदिवस असे, कोणाच्या मुलीला इंजिनियरिंगला नंबर लागलेला असे, कोणाच्या वडिलांची पुण्यतिथी असे. रोप हातात घेऊन लोक यायचे आणि बघावं तर प्रत्येक खड्ड्यात झाड. उरलेल्या जागेत वांगी. बँकेत नोकरी करणाऱ्या प्रेरणा मॅडम आपल्या वाढदिवसाला गुलमोहराचं रोप घेऊन सगळी जागा फिरल्या आणि रोप घेऊन घरी परत गेल्या. त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, "आम्ही सेवेसाठी आलो, पण सेवेला जागाच ठेवलेली नाही."

समितीची तातडीची बैठक झाली. दोन व्यक्तींनी परस्पर झाडं जगवून बाकीच्या नागरिकांच्या वृक्षारोपणाच्या हक्कावर अतिक्रमण केलं आहे, असं बैठकीत ठरलं. ठराव एकमताने पास झाला. किसनरावांनी हात वर केला नाही, पण खांदा आखडल्यामुळे तो वर गेला नसेल असं सगळ्यांनी समजून घेतलं.

ठरावानुसार अमर आणि देवतळे सर इंदुताईंच्या घरी आले. रुपीबाई तिथेच बसून शेंगा सोलत होत्या. इंदुताईंनी चहा केला. सरांनी चहा पिऊन झाल्यावर मुद्दा काढला.

"ताई, आमचा तुमच्यावर काडीचा राग नाही. आमची एकच विनंती आहे. थोडे दिवस पाणी घालू नका."

"काहून?"

"काकू, आमी झाड तोडा म्हनतच नाई," अमर कळवळून म्हणाला. "झाड तोडनं गुन्हा हाय. फक्त पाणी थांबवा. बाकीचं निसर्ग पाहून घेते."

रुपीबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. "मंजे लेकराचा गळा नाई दाबाचा, फक्त जेवू नाई घालाचं. असं का?"

"बाई, भावनिक होऊ नका," देवतळे सर म्हणाले. "विचार समाजाचा करायचा असतो."

इंदुताईंनी यजमानांकडे पाहिलं. किसनराव टी-शर्ट घालून पंख्याकडे पाहत होते. पंखा बंद होता.

"मले नाई जमनार," इंदुताई म्हणाल्या, आणि कपबशा उचलून आत गेल्या. त्यांनी आयुष्यात याआधी मास्तराला नाही म्हटलेलं नव्हतं.

मग समितीने निसर्गाला मदत करायचं ठरवलं. बोराटीचे काटे अस्वच्छ दिसतात म्हणून काढून टाकले आणि जमनीला निरोप गेला. ज्या बकऱ्यांना कॉलनीतून दगड मारून हाकलत, त्यांना सन्मानाने बोलावणं आलं. जमनी आली, काठीवर हनुवटी टेकून फाटकाशी उभी राहिली. तिच्या मागे बकऱ्या उभ्या.

"आण ना आत," देवतळे सर म्हणाले. "खाऊ दे."

"कोहळं खाल्लं म्या त्या बाईच्या हातचं," जमनी म्हणाली. "तिच्या झाडाले नाई लावत म्या बकऱ्या." आणि बकऱ्या वळवून निघून गेली. पशुपालकांमध्ये नागरी जाणिवेचा अभाव असल्याची समितीने नोंद घेतली.

यावर तोडगा अखेर सरांनीच काढला. इतका साधा की आधी कोणाला कसा सुचला नाही याचं सगळ्यांना नवल वाटलं. झाड आहे. खड्डा आहे. माणसं आहेत. अडचण एवढीच की झाड खड्ड्यात आहे. तर ते बाहेर काढायचं, आणि पुन्हा लावायचं. यात झाड तोडलं जात नाही, कायदा मोडत नाही, आणि ज्याला लावायचं त्याला लावायला मिळतं. याला पुनर्वृक्षारोपण असं नाव पडलं.

पहिल्या रविवारी मान आवळ्याला मिळाला, कारण फोटोत तोच सगळ्यात भरदार दिसायचा. स्वयंसेवकांनी तो सगळ्या बाजूंनी खणून उपसला. प्रेरणा मॅडमनी तो हातात घेतला. वाढदिवस होऊन गेला होता, पण झाड लावायचं राहून गेलं होतं.

"मुळाले मातीचा गोळा तं राहू द्या," इंदुताई बाजूने म्हणाल्या.

"काकू, हात भरतात ना," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी झाड अगदी हळुवार धरलं होतं, आणि फोटोत त्या हसल्या तेव्हा खरंच आनंदी होत्या. मग आवळा त्याच खड्ड्यात पुन्हा लावला गेला. टाळ्या झाल्या. चहा झाला.

लोक गेल्यावर दोघी बायांनी खड्ड्यातली माती पायांनी दाबली, अळं केलं, बादल्या ओतल्या, आणि दुपारचं ऊन लागू नये म्हणून रुपीबाईंनी आपलं जुनं लुगडं चार काड्यांवर बांधून सावली केली. आवळ्याने मान टाकली. पानं झडली. इंदुताई रोज सकाळी जाऊन फांदी नखाने खरवडून पाहायच्या. साल आतून हिरवी आहे का. हिरवी होती. महिन्याभरात कोंब फुटले. इंदुताईंनी किसनरावांना तिथे नेऊन ते कोंब दाखवले. किसनराव चष्मा लावून वाकले, गुडघ्यांनी करकर आवाज केला. "च्यामायबीन, चिवट हाय," ते म्हणाले.

समितीचंही तेच मत झालं. पुनर्वृक्षारोपण इतकं सोसणारं झाड तालुक्यात दुसरं नव्हतं. त्यामुळे दसऱ्याला एका स्वयंसेवकाने आईच्या नावाने तोच आवळा पुन्हा लावला.

"हे झाड हाय का नवरदेव हाय," रुपीबाई म्हणाल्या. "जवा पाहावं तवा उचलून मिरवून राह्यले."

त्या हसल्या नाहीत. इंदुताईही हसल्या नाहीत. आवळ्याच्या एका बाजूच्या फांद्या आता नखाने खरवडल्या तर पांढऱ्या निघत होत्या.

याच सुमारास बातमी आली की नवजीवन कॉलनीच्या बागेला 'आदर्श लोकसहभाग उद्यान' म्हणून गौरवायचं ठरलं आहे. मोठे पाहुणे येणार. त्यांच्याकडून एक सूचना आली होती: सत्कार प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्वयंसेवकाचाच व्हावा आणि फोटोत त्याच्या हाताला माती दिसावी. समितीने सगळ्यांचे हात पाहिले. मग अमर इंदुताईंकडे आला.

इंदुताईंनी त्याला बसायला सांगितलं. मग त्यांनी आयुष्यातला पहिला सौदा केला.

"येतो मी. पन माहं एक ऐका लागन. त्या दिवसापासून त्या झाडाइले कोनी हात नाई लावाचा."

"एवढंच ना काकू?"

"एवढंच. कोनीच नाई."

"शब्द देतो," अमर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कोणी इतकी साधी मागणी केली नव्हती.

सत्कार झाला. शाल, श्रीफळ, काचेचं सन्मानचिन्ह. पाहुणे म्हणाले, अशा माउल्यांमुळेच पृथ्वी टिकून आहे. इंदुताईंना खुर्चीवर बसवलं होतं. त्यांना तिथून आवळा दिसत होता आणि तो आता सुटला याचा त्यांना इतका आनंद झाला की पाहुण्यांनी दोनदा बोलावलं तेव्हा त्या उठल्या. किसनरावांनी पहिल्या रांगेत बसून रुमालाने डोळे टिपले. रुपीबाई मागे उभ्या होत्या, त्यांना खुर्ची मिळाली नाही, पण त्या समाधानाने घरी गेल्या.

अमरने शब्द पाळला. एखाद्याने शब्द पाळावा तर असा. आठवड्याच्या आत बागेला चारी बाजूंनी पुरुषभर उंच जाळी लागली. जाळीभोवती फिरायला सिमेंटचा रुंद ट्रॅक झाला. फाटकाला कुलूप लागलं, आणि फाटकावर पाटी: 'संरक्षित उद्यान. झाडांना कोणीही हात लावू नये. सौ. इंदुताई ढोके यांच्या विनंतीवरून.'

इंदुताई बादली घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी अमरला फोन लावला.

"बाबू, मले आत जाऊ दे. पाणी टाकाचं हाय."

"काकू, तुमीच म्हनल्या ना, कोनीच नाई म्हनून."

"अरे, ते दुसऱ्याइले म्हटलं म्या."

"कोनीच मंजे त्यात तुमी बी येता ना काकू," अमर अतिशय नम्रपणे म्हणाला. "तुमाले सोडलं तं सगळ्याइले सोडा लागन. मंग पुन्हा झाड उपटतीन लोकं. तुमच्या शब्दासाठी तं मी इतकं केलं."

त्यात चूक काढायला जागा नव्हती. इंदुताईंनी फोन ठेवला.

दोघींनी बाहेरून जाळीतून पाणी फेकून पाहिलं. ट्रॅक रुंद होता, पाणी सिमेंटवरच सांडायचं, आणि सकाळी फिरायला येणाऱ्या स्वयंसेवकांच्या घसरून पडण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. शामने सुट्टीत येऊन लांब पाइप लावून दिला. समितीने तो ट्रॅकला अडथळा म्हणून गुंडाळून, सांभाळून, रुपीबाईंच्या घरी पोचवला. किसनराव एकदा स्वतः देवतळे सरांकडे गेले. उपाध्यक्ष म्हणून नाही, नवरा म्हणून आलो, म्हणाले. सर म्हणाले, "किसनराव, नियम सगळ्यांना सारखा. उद्या माझ्या बायकोनेही बादली आणली तर मी तिला अडवीन." सरांच्या बायकोने कधीच बादली आणली नव्हती, त्यामुळे हे तपासून पाहता आलं नाही.

फागुन गेला. चैत लागला. विदर्भाचं ऊन काही समितीचं सदस्य नव्हतं. ते ठरावाची वाट पाहत नाही. आधी अंबाडी गेली, मग वांगी, मग वेल तारेवरच कडकडून राहिला. स्वयंसेवक रोज सकाळी ट्रॅकवरून बागेला प्रदक्षिणा घालत, घड्याळात पावलं मोजत, आणि जाळीतून आत पाहून म्हणत, काय ऊन आहे बाप्पा यंदा. किसनरावही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला जात. एके दिवशी ते अर्ध्यातून परत आले आणि पायरीवर बसले. इंदुताई सुपात तूर पाखडत होत्या.

"आवळा वाळला वं," किसनराव म्हणाले.

"दिसते मले इथून," इंदुताई म्हणाल्या. सूप थांबलं नाही.

किसनरावांनी तिथेच बसल्या बसल्या टी-शर्ट काढला, आत गेले आणि त्याने देवघराखालची फरशी पुसायला घेतली. त्यांना वाकता येत नव्हतं. इंदुताईंनी त्यांच्या हातातून तो घेतला आणि उरलेली फरशी पुसली.

जुलै आला. फाटक उघडलं. मजुरांनी वाळकं उपसून नेलं, मग अमर आत गेला आणि पाहतच राहिला. सगळे खड्डे रिकामे. एकही झाड मध्ये नाही. जमीन सारवल्यासारखी साफ. किती वर्षांनी त्याला असा जुलै दिसला होता. तो तडक इंदुताईंच्या घरी पेढे घेऊन आला.

"काकू, औंदा उद्घाटन तुमच्या हातानं. सगळ्याइचं ठरलं."

इंदुताईंनी पेढा हातात घेतला नाही. "दुसऱ्या कोनाले घ्या," म्हणाल्या.

रुपीबाई दारात उभ्या होत्या. "जा बाई," त्या म्हणाल्या. "माइक देतेत ना तिथं? मंग इचार त्याइले."

इंदुताई गेल्या. मंडप गच्च भरला होता. तालुक्याचे पाहुणे होते, शाळेच्या मुली हिरव्या फिती लावून रांगेत होत्या, सगळ्या स्वयंसेवकांना नवे टी-शर्ट मिळाले होते. आवळा होता त्याच खड्ड्यात आवळ्याचंच रोप ठेवलं होतं. इंदुताई खाली बसल्या. पिशवी ब्लेडने कापली, मुळाचा गोळा फुटू न देता रोप खड्ड्यात उतरवलं, माती लोटली, तळव्याने दाबली. फोटोवाल्याने त्यांना वर बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं नाही. मग देवतळे सरांनी त्यांच्या हातात माइक दिला.

त्यांनी कधी माइक धरला नव्हता. तो त्यांनी लाटण्यासारखा आडवा धरला. अमरने पुढे होऊन सरळ करून दिला.

"ह्याले पाणी कोन टाकन?" इंदुताईंनी विचारलं.

लोकांना वाटलं भाषणाची सुरुवात आहे. टाळ्या पडल्या. इंदुताई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

"नाई, मी इचारून राह्यली," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी. पाणी कोन टाकन? परवा कोन टाकन?"

या वेळी टाळ्या आधीपेक्षा जोरात पडल्या. पाहुणे उभे राहिले, ते उभे राहिले म्हणून सगळा मंडप उभा राहिला. देवतळे सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. इंदुताईंनी मंडपभर नजर फिरवली. सगळे चेहरे आपल्याकडेच पाहत होते, सगळे हात वर होते, आणि प्रत्येक हातात मोबाइल होता. त्यांनी माइक टेबलावर ठेवला आणि खाली उतरल्या.

"काकू, एकदम दिलातून बोलल्या," अमर म्हणाला. कार्यक्रम संपला. फाटकाला कुलूप लागलं.

त्या भाषणाचा व्हिडिओ प्रेरणा मॅडमनी बासरीचं संगीत घालून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो उमरखेडला गेला, नागपूरला गेला, पुण्यात गेला, परदेशातल्या मुलांकडून आईबापांकडे परत आला. खाली हिरवी पानं आली, जोडलेले हात आले, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे आले. 'मी टाकतो' असं कोणी लिहिलेलं अजून कोणाला आढळलेलं नाही.

तुमच्याही मोबाइलवर तो आला असेल. तुम्ही तो चांगल्या मनाने चार जणांना पाठवलाही असेल. शेवटपर्यंत पाहायचा राहून गेला असेल तर वाईट वाटून घेऊ नका. शेवटी टाळ्याच आहेत.